थोरलीबद्दल एकच ओळ

नमस्कार ताई,

माझं वय 36. दोन मुलं आहेत, थोरली 11 वर्षांची, धाकटा साडेसातचा. नवरा पितो. पूर्वी शनिवार-रविवारचं असायचं, गेली पाच वर्षं रोजचं झालंय. नोकरी टिकवून आहे, घरात पैसे देतो, आमच्यावर कधी हात टाकलेला नाही, त्यामुळे बाहेर कुणाला पत्ता नाही. पण घरी येताना स्वारी कशी असेल ते सांगता येत नाही. कधी मुलांना उचलून घेऊन गाणी म्हणतो, कधी चपला वाकड्या पडल्या म्हणून तासभर ओरडतो.

मला काळजी आहे ती धाकट्याची. शाळेत मारामाऱ्या करतो. यंदा बाईंनी डायरीत तीनदा लिहून पाठवलं. मागच्या आठवड्यात एका मुलाच्या हाताला कडकडून चावला. घरी 'नाही' म्हटलं की जमिनीवर लोळण घेतो. तान्हा होता तेव्हापासून असाच आहे. रडायला लागला की थांबायचा नाही, झोपेला वेळ नाही, भुकेला वेळ नाही, नवीन माणूस दिसला की किंचाळायचा. थोरलीचं असं काहीच नव्हतं. (ती फार गुणी आहे. यांच्या गाडीचा आवाज आला की तीच उठून टीव्ही बंद करते, भावाची खेळणी उचलते. मला सांगावंही लागत नाही.)

सासूबाई म्हणतात, बापावर गेलाय, रक्तातच आहे. नवरा म्हणतो, तूच लाडावून ठेवलंस. माझी बहीण म्हणते, त्याची दारू सुटू दे, पोरगा आपोआप सुधारेल. यात कुणाचं खरं मानू? आणि मी नेमकं काय करू?

एक आई

*

नमस्कार.

तुमच्या पत्रात धाकट्यावर सगळं पत्र खर्ची पडलंय आणि थोरलीबद्दल एकच ओळ आहे, तीही कंसात. त्या ओळीसाठीच मी तुमचं पत्र आधी उत्तराला घेतलं. पण तुम्ही विचारलंय धाकट्याबद्दल, तेव्हा सुरुवात तिथून करते.

तुमच्या घरचे तिघंही थोडे थोडे बरोबर आहेत, आणि पंचाईत तीच आहे. थोडं बरोबर असलेलं माणूस आपलं म्हणणं सोडत नाही.

सासूबाईंपासून बघू. दारूचं व्यसन रक्तातून काही अंशी येतं, हे खरं आहे. 1973 साली डेन्मार्कमधल्या दत्तक मुलग्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. डोनाल्ड गुडविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो केला होता. जन्मदात्यांपैकी एकाला दारूचं व्यसन होतं, पण मूल अगदी तान्हं असताना दुसऱ्या घरी गेलं आणि तिथेच वाढलं, अशी 55 माणसं त्यांनी मोठेपणी तपासली. त्यातल्या 10 जणांना दारूचं व्यसन लागलेलं होतं. ज्यांच्या जन्मदात्यांना व्यसन नव्हतं अशा 78 दत्तकांमध्ये ती संख्या 4 होती. म्हणजे बापाला न बघताही बापाचं काहीतरी आलं. सासूबाईंना हे सांगितलंत तर त्या म्हणतील, बघ. पण त्यांना तोच आकडा उलटाही वाचून दाखवा. 55 मधल्या 45 जणांना व्यसन लागलं नाही.

शिवाय रक्तातून बाटली येत नाही. येतो तो पिंड. कुणाचं मन पटकन पेटतं, कुणाला थांबणं जमत नाही, कुणाला गंमत आत्ता आणि इथेच हवी असते. असल्या पिंडाचं मूल पुढे दारूकडे वळू शकतं, तसंच ते उत्तम खेळाडू किंवा बिनधास्त विक्रेताही होऊ शकतं. साडेसात वर्षांच्या मुलाला 'बापावर गेलाय' हे ऐकवणं मात्र बंद करायला हवं. त्याच्यासमोर तर नाहीच, त्याच्यामागेही नको. मुलांना मागचं जास्त ऐकू येतं.

आता तो तान्हा असतानाचं तुम्ही जे लिहिलंय ते. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या डॉक्टर नवरा-बायकोंनी 1956 पासून न्यूयॉर्कमधल्या 130 हून अधिक मुलांकडे तान्हेपणापासून ती मोठी होईपर्यंत लक्ष ठेवलं. मूल किती हलतं, झोप-भूक घड्याळाप्रमाणे आहे की नाही, नव्या गोष्टीकडे झेपावतं की मागे सरतं, रडताना कुरकुरतं की घर दणाणून सोडतं, अशा नऊ गोष्टी ते टिपत गेले. सुमारे 40 टक्के मुलं सोपी निघाली, 15 टक्के हळूहळू रुळणारी आणि 10 टक्के अवघड. उरलेली कुठल्याच खणात नीट बसली नाहीत, जे मला नेहमीच दिलासा देणारं वाटतं. अवघड मुलांचं त्यांनी केलेलं वर्णन असं: झोप-भुकेला नियम नाही, नव्याला विरोध, बदल पचवायला वेळ, आणि प्रत्येक भावना टिपेची. तुम्ही त्यांचं काही वाचलं नसेल, पण तुमच्या चार ओळी आणि त्यांचं वर्णन शेजारी ठेवलं तर फारसा फरक दिसणार नाही.

त्या अवघड मुलांपैकी दहातल्या सातांच्या वागण्यात पुढे काही ना काही अडचण आली. पण थॉमस आणि चेस यांनी दोष नुसत्या स्वभावाला दिला नाही. त्यांचं म्हणणं जुळणीबद्दल होतं. मुलाचा पिंड एक मागतो आणि घर दुसरंच देतं, तिथे घर्षण होतं. तोच पिंड, पण घर त्याच्या मागण्या ओळखून चालणारं असेल तर मूल तापटच राहतं, पण मार्गाला लागतं.

मग तुमच्या धाकट्याचा पिंड काय मागतो? कालच्यासारखा आज. एवढंच. ज्या मुलाचं आतलं घड्याळ आधीच अनियमित आहे, त्याला बाहेरचं घड्याळ पक्कं लागतं. आणि रोज पिणाऱ्या माणसाच्या घरात नेमकी तीच गोष्ट नसते. पाणी सांडलं तर मंगळवारी हशा होतो आणि बुधवारी आकाश कोसळतं. सांडणं तेच, पाणी तेच, बाप तोच. सोप्या स्वभावाचं मूल यातूनही आपली वाट काढतं. तुमच्या मुलाला ती काढता येत नाही, म्हणून तो जमिनीवर पडतो.

आवर घालणं ही गोष्ट मुलं मोठ्यांकडून उसनी घेऊन शिकतात. लहान मुलाचा ब्रेक म्हणजे शेजारी बसलेल्या शांत माणसाचा आवाज. वर्षानुवर्षं तो उसना वापरला की मग स्वतःचा तयार होतो. तुमच्या घरात दोन मोठी माणसं आहेत. एकाचा ब्रेक संध्याकाळी दारू सोडवते. दुसरीचा दिवसभर पहिल्याकडे लक्ष ठेवून झिजलेला असतो. मुलाने उसना घ्यायचा कुणाकडून? तुम्हाला दोष द्यायला हे लिहीत नाही. दारू मुलांपर्यंत फक्त पिणाऱ्यामार्फत पोचत नाही, न पिणाऱ्याच्या थकव्यामार्फतही पोचते, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल म्हणून सांगते.

यातून मी तुमच्या यजमानांच्या 'लाडावून ठेवलंस'कडे येते. राग मानू नका, पण एक प्रसंग डोळ्यांपुढे आणा. सात वाजलेत. धाकटा मोबाईल मागतो. तुम्ही 'नाही' म्हणता. तो ओरडायला लागतो. तुम्ही पुन्हा 'नाही' म्हणता. साडेसात होतात, पावणेआठ होतात, आणि तुमचा कान रस्त्याकडे लागतो. आता कुठल्याही क्षणी गाडी येईल. हा आरडाओरडा यांच्या कानावर पडला तर पुढची रात्र गेली. तुम्ही म्हणता, "घे बाबा, पण ओरडू नकोस." घर शांत होतं. यात तुमचा कमकुवतपणा नाही, त्या क्षणी तुम्ही दोन मुलांची रात्र वाचवलेली असते. पण मुलाने काय शिकलं? की 'नाही' हे सातचं असतं, पावणेआठला ते विरघळतं, फक्त तोवर दम धरून ओरडावं लागतं. मग शाळेत बाईंचं 'नाही'ही विरघळेल असं त्याला वाटतं. ते विरघळत नाही, तेव्हा तो दात वापरतो. जेराल्ड पॅटरसन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी हे चक्र फार बारकाईने मांडलंय: दोघंही एकमेकांना नकळत शिकवत जातात, मूल ओरडायला आणि आई माघार घ्यायला, आणि दोघांनाही क्षणभर सुटल्यासारखं वाटतं म्हणून चक्र पक्कं होत जातं.

तेव्हा लाड झाले असतील तर ते गाडीच्या धास्तीने झालेत, हे यजमानांना सांगायला हरकत नाही. कधी आणि कसं, ते पुढे सांगते.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण ती कुणीतरी तुमच्याविरुद्ध वापरेल. मुलाच्या वागण्याने मोठ्यांचं पिणं वाढतं का? विल्यम पेलहॅम आणि अॅलन लँग यांनी याचे प्रयोगच केले. मुलांना चक्क अभिनय शिकवला, काहींना शहाण्यासारखं वागायचा, काहींना सतत चुळबुळ आणि उलट बोलण्याचा. मोठ्या माणसांना या मुलांबरोबर काही वेळ बसवलं आणि मग त्यांच्यापुढे दारू ठेवली. दांडगट वागणाऱ्या मुलांबरोबर वेळ काढलेल्यांनी जास्त प्यायली. म्हणजे बाण दोन्हीकडून सुटतो. पण या प्रयोगात पेला उचलणारा हात मोठ्यांचाच होता, आणि घरातही तो मोठ्यांचाच असतो. 'या कार्ट्यामुळे मला प्यावी लागते' हे वाक्य तुमच्या घरात उच्चारलं गेलं असेल तर मुलाने ते मनात लिहून ठेवलंय. सात-आठ वर्षांच्या मुलाला जगातलं सगळं आपल्यामुळेच घडतंय असं वाटत असतं.

आता थोरली.

गाडीचा आवाज. टीव्ही बंद. खेळणी उचलली. सांगावं लागत नाही. तुम्ही हे कौतुकाने लिहिलंत आणि मी ते वाचून थोडा वेळ थांबले. आमच्या घरी जिना होता. वडिलांच्या पावलांवरून मला पहिल्या पाच-सहा पायऱ्यांतच कळायचं. पाय एका लयीत पडले तर वही उघडी ठेवायची. मध्ये पाऊल घसटलं, कठड्याचा आवाज आला, की वही मिटायची, दिवा घालवायचा आणि झोपेचं सोंग घ्यायचं. मीही फार गुणी होते. सगळे म्हणायचे. आज इतक्या वर्षांनीही बोलता बोलता लिफ्टचं दार वाजलं की माझं वाक्य मध्येच तुटतं.

तुमच्या मुलीचा पिंड भावापेक्षा वेगळा आहे. ती सावध असेल, समोरच्याचा चेहरा वाचणारी असेल. त्यामुळे त्याच घरातली तीच अनिश्चितता तिच्यात वेगळ्या जागी जाऊन बसली. भावाची बाहेर पडते, शाळेत दिसते, डायरीत लिहून येते. तिची आत जाते आणि तिच्याबद्दल कुणी काही लिहून पाठवत नाही. अशा घरांतल्या मुलांचा विचार करताना आपण मारामारी मोजतो, कारण ती मोजता येते. पोटदुखी, उशिरापर्यंत न लागणारी झोप, मैत्रिणींना घरी न बोलावणं, चुकलं तर काय ही भीती, यांची नोंद कुणी ठेवत नाही.

प्रत्येक गुणी मूल आतून दुखावलेलंच असतं असं नाही. काही मुलं खरोखरच शांत असतात. फरक ओळखायला मी आयांना एकच प्रश्न विचारते: ती घरी कधी हट्ट करते का? अकरा वर्षांच्या मुलीने महिन्यातून चार वेळा तरी दार आपटलं पाहिजे. तुमची आपटत नसेल, तर तिने घरातली एक नोकरी धरलीय, पहारेकऱ्याची, आणि ती बिनपगारी आहे.

या नोकरीतून तिला तुम्हीच मोकळं करू शकता. हे या आठवड्यात करा. गाडीचा आवाज यायच्या आधी, एखाद्या निवांत दुपारी तिला जवळ घेऊन सांगा, "आवाज आला की तू उठायचं नाही. टीव्ही मी बघते, खेळणी मी उचलते. ते माझं काम आहे." पहिले कितीतरी दिवस तिचा विश्वास बसणार नाही. ती उठेल. तुम्ही तिच्या आधी उठा. आणि काही आठवड्यांनी ती उलट बोलायला लागली, रडायला लागली, अभ्यासात हयगय करायला लागली, तर घाबरून मला लिहू नका की ही पण बिघडली. पहारा सुटल्यावर माणूस आधी थकवा काढतो.

दोघांनाही एक गोष्ट खरी सांगायला हवी, आणि थोडक्यात. "बाबांना दारूचा आजार आहे. तो तुमच्यामुळे झालेला नाही. तुम्हाला तो थांबवता येणार नाही आणि बराही करता येणार नाही, ते डॉक्टरांचं आणि बाबांचं काम आहे. तुम्हाला भीती वाटली तर मला सांगायचं." व्यसनी माणसांच्या कुटुंबीयांसाठी अल-अनॉन नावाची जगभर पसरलेली स्वमदत चळवळ आहे, 1951 पासून चालते. तिथे याच अर्थाची तीन वाक्यं नव्या माणसाला पहिल्यांदा सांगतात. तुम्ही त्यांच्या सभेला जा असं मी सुचवेन. नवऱ्याने पिणं सोडलेलं असो वा नसो, त्याला मान्य असो वा नसो, ती सभा तुमच्यासाठी आहे. किशोरवयीन मुलांसाठी त्यांचीच अलटीन नावाची शाखा 1957 पासून आहे. थोरली थोडी मोठी झाली की तिला उपयोगी पडेल. आणि मुलांना 'बाबा दमलेत', 'बाबांना बरं नाही' हे सांगणं आता पुरे. त्यांना वास कळतो. आई खोटं बोलते एवढंच त्यातून ती शिकतात.

धाकट्यासाठी मी तुम्हाला फार थोडं करायला सांगणार आहे, पण ते रोज करायला लागेल. आधी एक अर्धा तास निवडा आणि तो दारूच्या हाती लागू देऊ नका. स्टीव्हन वोलिन आणि लिंडा बेनेट यांनी 1970 आणि 80 च्या दशकांत दारूड्या आई-बापांच्या कुटुंबांचा अभ्यास केला. काही घरांत रात्रीचं एकत्र जेवण, सणवार, सुट्टीचे दिवस हे सगळं पिणाऱ्याच्या तब्येतीवर अवलंबून राहिलं, काही घरांत ते तो प्यायलेला असला तरी ठरल्याप्रमाणे होत राहिलं. दुसऱ्या प्रकारच्या घरांतल्या मुलांमध्ये व्यसन पुढच्या पिढीत कमी उतरलं. मला या अभ्यासातली ही गोष्ट फार आवडते की तिथे दारू सुटलेली नव्हती. बाई म्हणाली, जेवण आठला, तू आलास तर ये, आणि जेवण आठला झालं.

तुमचा अर्धा तास झोपेआधीचा असू दे. रोज त्याच क्रमाने तेच: हात-पाय धुणं, एक गोष्ट, दिवा. बाप घरी असो, नसो, गात असो, ओरडत असो. मुलाच्या खोलीचं दार लावून घ्या आणि गोष्ट पुढे चालू ठेवा. त्याला पहिले आठ-दहा दिवस हे अजिबात आवडणार नाही. अवघड पिंडाची मुलं नव्या गोष्टीला आधी लाथ मारतात, ती चांगली असली तरी. तीन आठवड्यांनी एक दिवस तुम्ही क्रम चुकवून बघा, तोच तुम्हाला दटावेल.

मग 'नाही'चा प्रश्न. नियम दोनच ठेवा, कारण दहा नियम तुम्हालाच पाळता येणार नाहीत. कुणाला दुखवायचं नाही, हा एक. दुसरा तुम्हीच ठरवा. बाकी सगळ्यावर सध्या पाणी सोडा. आणि संध्याकाळी ज्या गोष्टीवरून हमखास भांडण होतं तिचं 'हो' किंवा 'नाही' सहाच्या आतच ठरवून टाका, म्हणजे पावणेआठला माघार घ्यायची वेळ येणार नाही. मोबाईल सहा ते साडेसहा द्यायचा असेल तर तसा द्या. एक खेळ संपवून दुसरीकडे वळायचं असेल तर त्याला पाच मिनिटं आधी सांगा, मग पुन्हा एक मिनिट आधी. तो पेटला की उपदेश करू नका. त्या वेळी त्याचे कान बंद असतात. खाली बसा, आवाज उतरवा, "तुला खूप राग आलाय" एवढंच म्हणा आणि थांबा. नीट वागतो त्या क्षणी मात्र बोला. त्याला चांगलं वागताना पकडायला डोळ्यांत तेल घालून बसावं लागेल, पण असे क्षण असतात. भावा-बहिणींत हा सतत दोषी आणि ती सतत शहाणी अशी वाटणी झाली असेल तर ती मोडायचा दुसरा मार्ग मला माहीत नाही.

साडेसात वर्षांच्या मुलाने चावणं हे सोडून देण्यासारखं नाही, म्हणून त्याला बालमानसोपचारतज्ज्ञांना किंवा मुलांच्या समुपदेशकांना दाखवा. लक्ष न टिकणं, अतिचंचलता, झोपेची तक्रार, ऐकू कमी येणं, शिकण्यातली अडचण, यांतलं काही असेल तर ते घरच्या कटकटीसारखंच दिसतं, आणि घरात दारू आहे म्हटल्यावर सगळं खापर तिच्यावर फुटतं. मूल वेगळ्याच कारणाने चुळबुळत असतं आणि वर्षं जातात. तिथे गेल्यावर घरातल्या दारूबद्दल मात्र लपवू नका. शाळेतही एका बाईंना विश्वासात घ्या. सगळी कहाणी सांगायची गरज नाही. "घरी संध्याकाळी ताण असतो, सकाळी तो बिथरलेला आला तर पहिली दहा मिनिटं त्याला काही विचारू नका" एवढं पुरतं. एमी वर्नर यांनी हवाई बेटांमधल्या काउआई बेटावर 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांचा मोठेपणापर्यंत मागोवा घेतला. त्यातल्या 49 मुलांच्या घरी आई किंवा वडील दारूच्या आहारी गेलेले होते. 18 वर्षांची होईपर्यंत यातल्या 41 टक्के मुलांना गंभीर अडचणी आल्या, 59 टक्क्यांना आल्या नाहीत. अशा खडतर घरांतून नीट निघालेल्या मुलांच्या गोष्टींत पुन्हा पुन्हा एक माणूस भेटतो, जो रोज तसाच असतो. आजी, मामा, एखादी शिक्षिका. तुमच्या बहिणीने सल्ल्याबरोबर दर रविवारची एक दुपार दिली तर फार बरं होईल.

बहिणीचं म्हणणंही अर्धं खरं आहे. दारू सुटली की घर बदलतं, मुलंही सावरू लागतात. 'आपोआप' एवढा शब्द तिने काढून टाकावा. नुकती सोडलेला माणूस पहिले काही महिने चिडचिडा असतो, आणि पाच वर्षं रजेवर असलेलं बापपण एका दिवसात गाजवायला बघतो. मूल अशा वेळी त्याला आणखी डिवचून बघतं. त्याचा धसका घेऊ नका. पण मुलांचं सुरू करायला बापाची वाट बघू नका, हे माझं स्पष्ट मत आहे. साडेसात वर्षं पुन्हा येणार नाहीत.

यजमानांशी बोला, सकाळी, उतरलेली असताना, मुलं शाळेत गेल्यावर. 'तू दारुडा आहेस' हे त्यांनी शंभरदा ऐकलंय. तुम्ही मुलांचंच सांगा आणि घडलेलं सांगा: "काल तुझी गाडी वाजली आणि ही ताटावरून उठून टीव्ही बंद करायला धावली." इतकंच. ही एक ओळ मी सांगते त्याहून जास्त काम करेल. प्यायलेले असताना कसलीही चर्चा नको. त्यांनी सोडायचं ठरवलंच, तर शपथ घेऊन एका रात्रीत बंद असं करू देऊ नका. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक थांबवली तर हातपाय थरथरणं, घाम, झटके, आणि दोन-चार दिवसांत भ्रम होऊन जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हे सुरक्षित होतं, औषधंही आहेत. आणि कुणी कितीही सांगितलं तरी जेवणातून गुपचूप औषध घालायचं नाही. दारू सोडवण्यासाठी देतात त्या डायसल्फिराम नावाच्या औषधावर दारू प्यायली तर रक्तदाब कोसळून माणूस दगावूही शकतो.

गाडीचं तुम्ही सहज लिहिलंत, मला ते सहज वाचता आलं नाही. म्हणजे ते पिऊन चालवत येतात. त्या गाडीत मुलांनी बसायचं नाही, हा नियम वाटाघाटीचा नाही. तसंच आजवर हात टाकलेला नाही हे ठीक, पण ज्या दिवशी उगारला जाईल त्या दिवशी वर लिहिलेलं सगळं बाजूला ठेवा आणि मुलांना घेऊन सुरक्षित जागी जा. ती जागा कुठली आणि किल्ली कुणाकडे, हे आजच ठरवून ठेवा. तुम्ही संसार टिकवावा की मोडावा हे मला विचारलेलं नाहीत आणि मी सांगणारही नाही.

दोन महिन्यांनी पुन्हा लिहा. धाकट्याच्या डायरीत किती शेरे आले ते कळवाच, पण या वेळी थोरलीबद्दल एक पान तरी हवं. गाडी वाजली आणि ती टीव्ही बंद न करता तशीच बसून राहिली, असा एखादा दिवस आला, तर तारखेसकट लिहा.